उन्हात तापलेलं पाणी

मंडळी, आज सकाळी गिझर बंद पडला, म्हणून बाबांच्या अंघोळीची बादली मी गच्चीवर उन्हात ठेवली.

नव्वदच्या दशकात, सिल्वासाला डोकमर्डीत राहायचो तेव्हा आई रोज हेच करायची. काळा रंग दिलेल्या पत्र्याच्या डब्यात पाणी तापायचं. बाबा कंपनीतून आले की ती म्हणायची, "चला, सूर्याने पाणी काढलंय."

आज संध्याकाळी बाबांनी पहिला तांब्या अंगावर घेतला आणि आतून आवाजच येईना. मी घाबरून हाक मारली, "बाबा, बरे आहात ना?"

"हो गं. तिनंच पाणी काढून दिल्यासारखं वाटलं."

आईला जाऊन किती वर्षं झाली!

बाहेर येऊन हळूच म्हणाले, "उद्याही ठेवशील?"

वीज वाचेल, ते आहेच. पण तुमच्या घरातली अशी कुठली सवय तुम्हाला परत हवी आहे?