मागचे दोन स्पीकर

गावोगावी डीव्हीडी पोचल्या, त्या दिवसांतली गोष्ट. नारायणगावच्या एका दुकानात मी होम थिएटरचे दोन रिसीव्हर समोर ठेवून घोळत बसलो होतो. शेजारी निमगाव साव्याचा, तांबड्या पागोट्याचा एक मेंढपाळ वायर घ्यायला आला होता. यातलाच एक त्याच्या घरी असल्याचं कळलं, म्हणून मी त्याचं मत विचारलं.

त्याने आवाजाचं बटण दोन बोटांत धरून सावकाश फिरवलं.

"ह्योच घ्या राव. लई भारी. फकस्त मागचे दोन स्पीकर घरात मावंनात, म्हणून मेंढरांच्या वाड्यात टांगले."

"मग मागचा आवाज तुम्हाला कसा कळतो?"

"पिच्चरमधी मागं कुत्रं भुकलं की मेंढरं वरडत्यात. मंग आमाला कळतं, मागं कुत्रं व्हतं."

दुकानदार खोक्याआड तोंड लपवून हसू लागला. हा मात्र गंभीरपणे वायर कोपराभोवती गुंडाळत होता.

"आणि ही वायर?" मी विचारलं.

"कोकरं लांब बांधल्यात. त्यास्नी नीट ऐकू जात न्हाई."

इतक्या मनापासून कुणी कशाची शिफारस केलेली मी पाहिली नव्हती. मी तोच रिसीव्हर घेतला.

पहिल्याच सिनेमात मागून दार वाजलं. आई उठून दार उघडून आली. बाहेर कोणी नव्हतं. असं दोनतीनदा झाल्यावर ती उठेनाशी झाली.

पुढच्या रविवारी माझे मेव्हणे सिनेमा संपेपर्यंत बाहेर दार ठोठावत होते. आत आम्ही सगळे आवाजाचं कौतुक करत बसलो होतो.