खुन्याच्या चपला

प्रीतम तायडे अकोल्यात फरशी बसवतो. बावीस वर्षं झाली. गेल्या सात वर्षांत त्याने एकतीस माणसंही मारली आहेत, सगळी 'पऱ्हाटीतला' या सिनेमाच्या पाच भागांत.

पऱ्हाटी म्हणजे आमच्याकडे कपाशी. डोक्यावर गोणपाट, त्याला डोळ्यांपुरती दोन भोकं, हातात विळा. असा एक जण उभ्या कपाशीतून येतो आणि न बोलता लोकांना कापतो. एवढीच गोष्ट. अमरावतीच्या वर्षालीताई हे सिनेमे काढतात. त्यांचा लग्नाच्या शूटिंगचा स्टुडिओ आहे. लग्नसराई संपली की त्या खुनांकडे वळतात. पहिला खेळ भाड्याच्या हॉलमध्ये, मग मोबाईलवर. सहाव्या भागाचे संवाद मी लिहिले. गोणपाटातल्या माणसाला एकही संवाद नव्हता, म्हणून आम्हाला गप्पा मारायला भरपूर वेळ मिळाला.

पाचव्या भागात घोळ झाला होता. चिखलात प्रीतमदादाचा गमबूट रुतला. पाठलाग सोडून खुनी खाली बसला आणि दोन्ही हातांनी बूट उपसू लागला. जिला मारायचं ती पोरगीही मागे वळून पाहत राहिली. तो तुकडा कापायचा राहून गेला. हॉल हसून हसून दमला. बूट वावरातच राहिले.

"सहाव्यातही लोकं हासले तं गोणपाट नागपूरच्या जिमवाल्याले देईन, प्रीतमभाऊ," वर्षालीताईंनी सांगून टाकलं. "राग मानू नका."

"राग कायचा," तो म्हणाला. नंतर त्याच्या घरी मला म्हणाला, "एकदा फक्त हॉल चूप झाला पायजे. साइटवर कोनी भेत नाई, घरी कोनी भेत नाई. एकदा."

दीपमालावहिनी चहा गाळत होत्या. "झुरळ दिसलं का पलंगावर चढते हा मानूस," त्या म्हणाल्या. "याले कोन भेईन?"

सहाव्या भागात खुनी पहिल्यांदाच शेत सोडून घरात शिरणार होता. बार्शीटाकळीच्या मैनाबाईंनी त्यांचं नवं घर एका दिवसासाठी दिलं. दुसऱ्या दिवसापासून तिथे लग्नाचा मांडव पडणार होता. दाराचा शॉट एकदाच घेतला. कॅमेरा अंगणात स्टँडवर लावला आणि आम्ही सगळे आत, नायिकेवर ओतायचं रक्त कालवत बसलो. बाहेर कोणी पाहिलं नाही.

चार दिवसांनी अमरावतीत, स्टुडिओतल्या कॉम्प्युटरवर ते दिसलं. खुनी अंगणातून येतो. विळा चमकतो. उंबऱ्याशी तो थांबतो, विळा काखेत धरतो, आधी उजवी, मग डावी चप्पल काढतो, वाकून दोन्ही नीट जोडून ठेवतो आणि आत जातो.

वर्षालीताईंनी डोक्याला हात लावला. "प्रीतमभाऊ, खून कराले चालले होते का पोरगी पाहाले?"

"नवी फरशी हाय ना त्यायची," प्रीतमदादा म्हणाला. "चप्पल घालून कसा जाऊ?"

"तुमी खुनी हा."

"हाव. पन फरशी मीच बसवली हाय ती."

पुन्हा शूटिंग शक्य नव्हतं. मैनाबाईंच्या दारात मांडव उभा होता. आणि शॉट काढला तर खुनी घरात शिरतच नव्हता. वर्षालीताईंनी तो मागेपुढे केला, शिव्या घातल्या, पुन्हा केला. प्रीतमदादा खुर्चीच्या कडेवर बसून होता. जिमवाल्याला गोणपाट सैल होईल की घट्ट, असं त्याने एकदा विचारलंही.

मग वर्षालीताईंचा हात एका जागी थांबला. खुनी आत गेल्यानंतरचं चित्र. रिकामं दार. पोरगी घरात एकटीच पोळ्या लाटते आहे, हे आपल्याला माहीत आहे. आणि दारात पुरुषाच्या चपला. जोडून ठेवलेल्या, पाहुण्याच्या असाव्यात तशा.

एम.ए.ला भयानक रस मी दहा गुणांसाठी पाठ केला होता. तो मला पहिल्यांदा दिसला तो असा, सिमेंट लागलेल्या नऊ नंबरच्या रबरी चपलांत.

वर्षालीताईंनी खुन्याचं येणं पूर्ण कापलं. चपला तेवढ्या ठेवल्या.

रविवारी दुपारी अमरावतीच्या हॉलमध्ये खेळ लागला. लोक हसायच्या तयारीनेच आले होते. मागून कोणीतरी ओरडलं, "बूट आनले का रे?" हशा पिकला. प्रीतमदादा शेवटच्या रांगेत खाली मान घालून बसला होता.

पडद्यावर पोरीने पोळी उलटली. मग दार. मग चपला.

हसणं एकेका खुर्चीवर थांबत गेलं. पुढची एक म्हातारी हळूच म्हणाली, "अवं माय, घरात हाय तो." त्यानंतर फक्त पंख्यांचा आवाज. मी आजूबाजूला पाहिलं. तीनशे माणसं एका उंबऱ्याकडे पाहत होती.

दीपमालावहिनींनी प्रीतमदादाचा दंड घट्ट धरला.

"अवं, मीच हाय तो," तो कुजबुजला.

"मालूम हाय मले. गप बसा."

खेळ संपल्यावर वर्षालीताई गर्दीतून वाट काढत आल्या. जिमवाल्याचं नाव त्यांनी घेतलं नाही. "सातव्यासाठी चांदूर बाजारले घर पाहून ठेवलं हाय," त्या म्हणाल्या. "जुनं हाय. फरशी नाई, शेनानं सारवलेलं हाय."

प्रीतमदादाने थोडा विचार केला.

"मंग तं पायही धुवा लागन," तो म्हणाला.