उतरू द्या, तात्या

चहा समोर आला की प्रज्ञाबाई तो लगेच पीत नसत. काचेचा पेला आधी एका अंगाला कलता करायच्या, मग सरळ धरायच्या, आणि आतल्या भिंतीवरून चहा खाली कसा ओघळतो ते बघत बसायच्या. ओठ न लावताच सांगायच्या, "आज साखर जास्त पडलीय." बहुतेक वेळा ते खरं निघायचं. मी म्हणायचो, "बाई, गार व्हतोय." त्यावर त्यांचं ठरलेलं उत्तर, "उतरू द्या, तात्या. घाई केली की पातळ पदार्थ खोटं सांगतो."

त्या गेल्यावर त्यांच्या संस्थेनं एक पुस्तिका काढली. त्यात सगळं आहे. कोऱ्हाळ्याची शाळा, पुण्यातलं फिजिक्स, परदेशातली प्रयोगशाळा, रक्ताच्या एका थेंबाची तपासणी करणारी त्यांची पहिली चकती, तिचं पेटंट, आणि सगळं सोडून परत गावाकडं येणं. पण चहाचं कुणी लिहिलं नाही. आणि त्यांचे चार महिने कुणी वाया घालवले, तेही नाही. ते मलाच ठाऊक, म्हणून मीच लिहितो. मी चौथीपर्यंत शिकलेला माणूस, चुकलं तर चुकलं.

माझी हयात वालचंदनगरात टूलरूममध्ये गेली. साचे करणं हे माझं काम. रिटायर झाल्यावर बारामतीत पत्र्याची शेड टाकली आणि बाटल्यांच्या टोपणांचे, शर्टाच्या बटणांचे साचे करू लागलो. माझे दोन नियम होते. साचा बाहेर जाताना त्यात तोंड दिसलं पाहिजे, आणि त्याच्या पाठीवर माझा ठसा पाहिजे. जोंधळ्याचं बारीक कणीस. तो ठसा मी स्वतः कानशीनं घडवलाय. ज्या कामाची मला लाज वाटेल त्यावर तो कधी उमटला नाही.

एक दिवस बाई स्कूटरवरून आल्या. हेल्मेट काढलं, कागदाची गुंडाळी उलगडली आणि म्हणाल्या, "तात्या, पितळेवर नदी कोरायचीय."

"किती लांब?"

"बोटभर."

"अन् रुंद?"

त्यांनी डोक्याचा एक केस उपटून माझ्या टेबलावर ठेवला. "असे चार शेजारी शेजारी."

मी म्हटलं, "बाई, पुण्यात यवढाली यंत्रं हायती. माझ्याकडं कशापायी आला?"

"तिथला साचा काचेसारखा फुटतो. दुसरा मिळायला महिने जातात. मला बारामतीत घडलेला साचा पाहिजे. म्हणजे मोडला तर बारामतीतच नीट होईल."

"मोडायचा न्हाय."

"तुमी केला तर न्हाय मोडायचा. तेच ऐकून आलेय."

ह्या एका वाक्यावर मी विकला गेलो.

त्यांना पोस्टाच्या तिकिटाएवढी रबराची पारदर्शक चकती करायची होती. तिच्यात केसासारखे दोन पाट, पुढं ते एक होणार. एका पाटातून म्हशीच्या दुधाचा थेंब येणार, दुसऱ्यातून औषधाचा. दोन्ही मिसळले की निरोगी कासेचं दूध सरळ पुढं पळतं. कासेत दगडीचा रोग शिरला असेल तर तेच दूध घट्ट होतं आणि वाटेतच रेंगाळतं. कुठवर पोचलं त्यावरून कळायचं. कास सुजायच्या आधी, दोन-तीन दिवस आधी. डोळ्याला काही दिसत नसताना.

ह्या कामाचं मूळ त्यांच्या घरातच होतं. त्यांच्या आईला सगळे आक्का म्हणत. आक्का मला एकदा म्हणाल्या, "माझ्या म्हशीचं एक थान दगडीनं गेलं, तवा ही सातवीत व्हती. म्हैस इकावी लागली. मी रडून मोकळी झाले, तात्या. हिनं त्याचं शास्त्र केलं."

साच्यात सगळं उलटं असतं. रबरात पाट हवा तर पितळेवर बांध उभा करावा लागतो. तो मी भिंगाखाली बसून उभा केला. त्या बांधाच्या माथ्यावर बाईंना तिरक्या खाचा हव्या होत्या, एकेका केसाएवढ्या. का, ते मी विचारलं नाही. कागदावर होत्या, पाडल्या. खोली मोजली, बरोबर भरली.

मग साचा उजेडात धरला. एवढा देखणा बांध आणि त्याच्या माथ्यावर कुणी नखानं ओरबाडल्यासारखं. असलं काम माझ्या शेडमधून बाहेर जाणार? डायमंड पेस्टची डबी काढली. बांबूच्या काडीचं टोक चेचलं, त्यावर पेस्ट घेतली आणि तीन दिवस घासत बसलो. चौथ्या दिवशी बांध आरशासारखा चमकायला लागला. खाचांच्या रेघा दिसत होत्या, पण रखरख गेली होती. पाठीवर कणीस उमटवलं आणि साचा बाईंच्या हातात दिला.

त्या खुळ्यासारख्या बघत राहिल्या. "तात्या, दागिना आहे हा! खाचांची खोली मोजलीत ना?"

"मोजलीया."

खोटं नव्हतं ते. पण मोजली होती पॉलिशच्या आधी.

पुढं चार महिने बाईंची चकती चालली नाही. दूध आणि औषध एकाच पाटातून जायचं, पण मिसळायचंच नाही. दर आठवड्याला त्या शेडवर यायच्या, चहाचा पेला कलता करायच्या आणि बघत बसायच्या. मी विचारायचो, "साच्यात काय खोट?" त्या म्हणायच्या, "छे. भिंगातून रोज बघते. रेघ न् रेघ जागेवर आहे." वरून बघितल्यावर रेघ दिसते, खोली दिसत नाही. एवढं मला कळायला हवं होतं. पण मी कशाला तिकडं मन वळवतोय!

एकदा म्हणाल्या, "चला तात्या, नरसिंगपूरला जाऊन येऊ. मला डोकं मोकळं करायचंय." तिथं नीरा आणि भीमा मिळतात. आम्ही घाटाच्या पायऱ्यांवर बसलो. त्या दिवशी नीरा गढूळ होती आणि भीमा निवळ. दोन्ही पाणी एकमेकींना चिकटून वाहत होतं, आणि मधली रेघ लांबवर तशीच दिसत होती.

"बघा," बाई म्हणाल्या. "एका पात्रात आल्या तरी लगेच मिसळत न्हाईत. ही नदी मोठी आहे, पुढं भोवरे पडतील, खडक लागतील, मग होतील एक. माझ्या पाटात भोवराच पडत नाही. केसाएवढ्या वाटेत पाणी फार शहाण्यासारखं वागतं, आपल्या रांगेतून हलत नाही. म्हणून तर साच्यावर तिरक्या खाचा मागितल्या, त्यांचे पाटाच्या तळाला उंचवटे उठतात. त्यांना अडखळून पाण्यानं पीळ खायचा. माझ्या गणितात खातंय. चकतीत खात नाही."

पायरीवर बसल्या बसल्या मला उमगलं. मी जी रखरख घासून काढली, तीच ह्या बाईची नदी ढवळणार होती. तळाला मी गुळगुळीत फरशी करून ठेवली होती.

तोंड उघडलं असतं तर प्रकरण तिथंच मिटलं असतं. नाही उघडलं. चाळीस वर्षांत माझा साचा परत आला नव्हता. बाई पाण्याकडं बघत म्हणाल्या, "माझंच कुठंतरी चुकतंय, तात्या." आणि मी, थोरला शहाणा, म्हणालो, "व्हईल नीट."

आठवड्यानं आक्का बाजाराला आल्या आणि शेडवर टेकल्या. म्हणाल्या, "लेकीचं काम बंद पडतंय. सोमवारी तिच्या संस्थेतली मोठी माणसं बसणार हायती. तिनं लिवून ठिवलंय, चूक माझ्या आराखड्यात हाय म्हणून. तुमचं मात्र लई चांगलं लिवलंय. साचा निर्दोष, कारागीर उत्तम. वाचून दावलं मला."

आक्का गेल्या. मी साच्याची खोली मोजायचं माझं गेज पेटीतून काढलं, ते आणि पेस्टची डबी पिशवीत घातली आणि बाईंच्या गावाची, कोऱ्हाळ्याची एसटी धरली.

बाई ओसरीवर कागद घेऊन बसल्या होत्या. म्हटलं, "तो साचा आणा हिकडं." त्यांनी आणला. मी गेज लावलं आणि काटा त्यांच्यापुढं धरला. खाचांची खोली जवळजवळ संपली होती.

"हे मी केलंय," मी म्हणालो. "खाचा पाडल्यावर तीन दिस घासलंय. ओरबाडल्यावानी दिसत व्हतं. नरसिंगपुरात मला उमगलं, तरी बोललो न्हाय."

आक्कांनी चहा आणून ठेवला. बाईंनी सवयीनं पेला कलता केला, पण नजर चहावर नव्हती.

"परत सांगा, तात्या."

परत सांगितलं. दुसऱ्यांदा सांगणं जास्त जड गेलं.

"म्हणजे माझं गणित बरोबर हाय?" त्या उभ्याच राहिल्या. "आये! गणित बरोबर हाय माझं!" हसायला लागल्या, आणि हसता हसताच डोळ्याला पदर लावला. मला वाटलं, सुटलो. मग त्या खाली बसल्या आणि आवाज उतरला. "चार महिने, तात्या. चार महिने मी रोज सकाळी उठून माझ्यावरच संशय घेतला. मला इथवर यायला किती जणांनी तसा संशय घेतला, तुमाला काय माहीत. त्यांचं तरी मी ऐकलं न्हाई कधी. ह्यावेळी माझं मीच खरं मानलं."

 

मग त्यांनी सोमवारसाठी लिहिलेला कागद फाडला. "सोमवारच्या आत दुसरा साचा. पॉलिश न करता."

"देतो. पण ही डबी तुमच्यापाशी ठेवा," मी म्हणालो आणि पिशवीतली डायमंड पेस्टची डबी त्यांच्या हातात दिली. "शेडमध्ये राह्यली तर हात राहायचा न्हाय माझा."

आक्का पदराआड हसल्या. "दारुड्यानं बाटली द्यावी तशी दिली बगा."

दुसरा साचा मी तीन दिवसांत केला. खाचा पाडल्या, मोजल्या, सोडून दिल्या. बोटं नुसती शिवशिवत होती. बाई न्यायला आल्या तेव्हा त्यांनी तो उलटा करून पाठ बघितली. "ठसा कुठाय?"

"अर्धवट कामावर मी ठसा मारत न्हाय."

"हे पुरं झालेलं काम हाय, तात्या."

"तुमच्या लेखी."

सोमवारी त्या साच्यातून निघालेली चकती चालली. पुढं लोणी भापकरच्या दूध केंद्रावर बाईंनी ती सगळ्यांपुढं लावली. एक म्हसवाला म्हणाला, "ह्या टिकलीला काय कळतंय माझ्या म्हशीचं? मी कासेला हात लावून सांगतो." चारही थानांचे थेंब सोडले. तीन पळाले, चौथा निम्म्यात रेंगाळला. म्हसवाला हसायला लागला. बाई म्हणाल्या, "उतरू द्या." थेंब काही पुढं सरकला नाही. चौथं थान दाबून बघितलं तर मऊ, काहीच नाही. तरी बाईंनी जनावरांच्या डॉक्टरला बोलावून घेतलं. थान वाचलं. तो म्हसवाला आता येणाऱ्याजाणाऱ्याला सांगतो, "मला आधीच शंका आलती."

त्यानंतर बाई शेडवर आल्या की हटकून विचारायच्या, "ठसा?" मी मान हलवायचो. दोघंही हट्टी. त्यांच्या टेबलावर तो पहिला चकचकीत साचा कागदांवर वजन म्हणून ठेवलेला असायचा. मी म्हणायचो, "टाका की भंगारात." त्या म्हणायच्या, "ह्यात तोंड दिसतं. मला उपयोगी पडतो, कधी स्वतःवर संशय आला की."

मग त्यांना आजार निघाला, आणि तो फार लवकर पुढं सरकला. भेटायला गेलो तर हाताला सलाइन लावलेलं, आणि त्या उशीवरून मान वळवून नळीतले थेंब बघत होत्या. मला म्हणाल्या, "बघा कसं उतरतंय. मघाशी नर्सनं घाईनं सोडलं होतं, मी कमी करायला लावलं." मग म्हणाल्या, "ठसा मारला न्हाई तुमी."

"बरं व्हा. मग बघू."

"बघू कोण आधी दमतंय," त्या म्हणाल्या आणि हसल्या.

मला तेव्हाच मारता आला असता. दुसरा साचाही त्यांच्या टेबलावरच होता, ठसा माझ्या पेटीत. पण मी पडलो हट्टी.

त्या गेल्यावर महिन्याभरानं आक्का शेडवर आल्या. पिशवीतून त्यांनी एकेक वस्तू काढून टेबलावर मांडली. चकचकीत साचा, रखरखीत साचा आणि माझी पेस्टची डबी. डबीवर बाईंच्या हातची चिठ्ठी चिकटवलेली होती, "तात्यांना देऊ नये."

आक्का म्हणाल्या, "आता दिली तर चालंल न्हवं?"

"न्हाय," मी म्हटलं. "तुमच्याजवळच असू द्या."

चहा मागवला. तो आल्यावर आम्ही दोघांनीही पेले कलते केले. कुणी कुणाला सांगितलं नव्हतं. आतल्या भिंतीवरून चहा सावकाश खाली गेला. मग मी रखरखीत साचा उलटा करून ऐरणीवर ठेवला, पेटीतून कणसाचा ठसा काढला आणि हातोडीचा एक घाव घातला.

 कणीस जरासं तिरकं उमटलं, कडेला बारीक रखरख राहिली. बोट आपोआप तिकडं गेलं, आणि मी ते मागं घेतलं.

घासलं नाही.