अर्जुनीजवळच्या दहा सह्या

आमच्या कॉलेजच्या विद्यार्थिनी सेवा मंडळानं नाताळच्या सुटीत अर्जुनीजवळच्या एका खेड्यात साक्षरतेचे वर्ग घ्यायचं ठरवलं. वसतिगृहाच्या अधीक्षिकाबाईंनी अट घातली: पाच दिवसांत दहा बायकांच्या पूर्ण नावानिशी सह्या आणा, नाहीतर मुलींचं असं बाहेर जाणं कायमचं बंद. मंडळाची चिटणीस मालती म्हणाली, "दहाच ना?" मला त्या दिवशी जेवण गेलं नाही.

जाणाऱ्यांनी लक्षात ठेवावं: नागपूरहून गोंदियापर्यंत मोठी गाडी, पुढे अर्जुनीला चांद्याकडे जाणारी छोटी. गोंदियाच्या फलाटावर हिंदीच चालते. मी शुद्ध मराठीत पाण्याची चौकशी केली, तर हमाल म्हणाला, "बाईजी, चांदा की गाडी उधर लगेगी," आणि माझी वळकटी उचलून चालू लागला. पाणी राहिलं, गाडी मिळाली. दोन आण्यांत मालतीची नि माझी पुरी-भाजी झाली. अर्जुनीहून तीन मैल बैलगाडी. ती तळ्याच्या पाळीवरून जाते. उतरून चालावंसं वाटतं आणि शेवटच्या मैलात चालावंच लागतं.

वर्ग पाटलांच्या पडवीत. माझं पहिलं शिक्षण घरीच, वडिलांकडे झालं. त्यांचा नियम होता: हात लिहील ते तोंडानं मोठ्यानं म्हणायचं. तोच मी लावला. बायकांनी दोन दिवसांत स्वतःची नावं गिरवली. तिसऱ्या दिवशी नवऱ्याचं नाव आलं आणि वर्ग गप्प झाला.

बाई नवऱ्याचं नाव घेत नाही, हे मला ठाऊक होतं. माझी आईही घेत नाही. म्हणून शेजारणीनं नाव सांगायचं आणि मी ते पाटीवर काढून द्यायचं, अशी सोय केली. चौथ्या दिवशी दहाही जणी खणखणीत म्हणत लिहू लागल्या. मी कागदावर सह्या घेतल्या.

पाचव्या दिवशी निरोपाला गाव जमलं. पाटलांनी कागद वाचायला घेतला.

"भागरता गणपत."

गणपत उठला. "पाटील, भागरता तं उरकुड्याची बायको हाय."

"सखू उरकुडा," पाटलांनी पुढचं वाचलं.

"अन् थे माही हाय," गणपत म्हणाला.

दहा ओळींत गावातली दहा घरं बदलली होती. "हे काय होऊन राहिलं, मास्तरीणबाई?" पाटलांनी विचारलं.

मी सर्वांत वडील असलेल्या भागरताबाईंकडे वळले. "असं का लिहिलंत?"

"तुम्हीच तं म्हणाल्या, मोठ्यानं म्हणून लिवा. आपल्या धन्याचं नाव कसं घेऊ? म्हून पाट्या बदलल्या."

उरकुडा कागद फाडायला पुढे झाला. मालतीनं तो पाटलांच्या हातून ओढला आणि त्यावर बसली. आता वडिलांचा नियम मोडायचा की मंडळ बुडवायचं, एवढंच उरलं होतं.

"नव्या कागदावर लिहा, तोंड न उघडता," मी म्हणाले. "लिहिणं म्हणजे बोलणं नव्हे." हे खरं आहे की नाही, माझी मलाच खात्री नव्हती.

भागरताबाईंनी विचार केला, पदर दातांत घट्ट धरला आणि लिहिलं. बाकीच्यांनीही पदर धरले. दाढ दुखणाऱ्या बायकांची रांग बसल्यासारखी दिसत होती. नऊ नवरे वाकून अक्षर न् अक्षर तपासत होते. त्यांतल्या एकालाही वाचता येत नव्हतं.

शेवटची ताना. तिनं 'ताना' लिहिलं आणि टाक खाली ठेवला.

"पुढचं?" मी विचारलं.

"पुढचा खळ्यावर गेला हाय."

"नुसतं नाव लिहायचंय."

"थो इथं नाही, तं त्याले कायले आणू? एवढं माहं हाय. एवढं लिवलं."

बैलगाडी जुंपून तयार होती.

परतीच्या प्रवासात मालती म्हणाली, "ते एक नाव आपणच घालू, कोण बघतंय?" माझ्यानं होईना. गोंदियापर्यंत कागद मांडीवर उघडा होता. नऊ पूर्ण नावांपेक्षा ते एक अर्धं नाव मला जास्त पक्कं वाटत होतं, आणि तेच मंडळ बुडवणार होतं.

अधीक्षिकाबाईंपुढे अहवाल ठेवला. त्यात मी लिहिलं होतं: सह्या दहा, नवरे नऊ. बाईंनी ते दोनदा वाचलं.

"दहावा?"

"खळ्यावर," मी म्हणाले.

त्यांनी परवानगी दिली. खाली शेरा मारला: पुढील खेपेस नवरे मोजू नयेत.