साडूंनी हलवलेला स्प्रूस

आमचे थोरले साडू, म्हणजे माझ्या बायकोच्या मोठ्या बहिणीचे यजमान, दवाखान्याच्या बागेत छत्तीस वर्षं माळी होते. माणूस इतका थकलेला, की खाली बसण्याआधी गुडघ्यांची परवानगी काढायचा. मी चिडवलं तर हसायचाही कंटाळा करायचे.

बारमाही हिरव्या, सुयांच्या पानांची झाडं ओळखायची त्यांची रीत ऐका. सुई चिमटीत धरून फिरवायची. चौकोनी असली तर गरगर फिरते. तो स्प्रूस, साठ-सत्तर फूट उंच जातो. चपटी असली तर नुसती घसरते; त्या बागेत तसली बुटकी झुडपंच होती.

एकदा रोपं आली ती चिठ्ठ्यांवरची नावं पुसलेलीच. साडूंनी एकाची सुई फिरवली, फिरेना. बुटकं झुडूप समजून ते त्यांनी रुग्णांच्या खिडकीखाली, भिंतीपासून चार हातांवर लावलं.

तिसऱ्या वर्षी त्यानं हातभर शेंडा काढला. बुटकं झुडूप असं वाढत नाही. साडूंनी एक सुई घरी नेऊन बायकोला, म्हणजे माझ्या मेव्हणीला, दिली. तिच्या बोटांत ती भिंगरीसारखी फिरली. खुरप्यानं घट्टे पडलेल्या साडूंच्या बोटांना कडाच कळल्या नव्हत्या.

निवृत्तीला दोन महिने उरले होते. झाड थंडी सरायच्या आत हलवलं नाही, तर पुढं कुणीतरी त्याला करवत लावणार, हे नक्की. मेव्हणी म्हणाली, "तोंड शिवून बसा. कमरेचे टाके आधीच उसवलेत तुमचे."

दुसऱ्या दिवशी ते मोठ्या डॉक्टरीणबाईंपुढं उभे राहिले. "बाई, झाड चुकीच्या जागी लागलंय. मीच लावलंय."

खणणार कोण, असं बाईंनी विचारलं. साडूंनी मला न विचारता माझंही नाव सांगून टाकलं.

चार दिवस रोज सकाळी आम्ही खणलं. मुळांभोवती मातीचा भलामोठा गड्डा राखला, गोणपाटात बांधला आणि पत्र्यावरून ओढत कुंपणाजवळच्या मोकळ्या जागेत नेला. मी अखंड बोलत होतो, ते अखंड धापा टाकत होते.

निवृत्तीनंतरही ते दिवसाआड पाणी घालायला जात. खालच्या सुया पिवळ्या पडून गळाल्या. "गेलं बहुतेक," एवढंच म्हणाले, पण पाणी थांबवलं नाही.

पुढच्या वर्षी थंडी सरता सरता शेंड्याच्या तपकिरी कळीनं टोपी टाकली. आत पोपटी झुबका. मी धावत सांगायला गेलो, तर साडू कुंपणाला टेकून डोळे मिटून बसलेले.

"पाहिलं मी मघाशी," ते म्हणाले. "आता आठवडाभर पाणी तुम्ही घाला."