शेजारचे काका आणि दाव्याचा खर्च

शेजारचे काका आधी हसतात आणि मग बोलतात. रोज संध्याकाळी दोन घरांमधल्या दगडी गडग्यापाशी येऊन बाबांना विचारतात, "काय भाऊ, चाय झाली?" याच गडग्याच्या हद्दीवरून बाबांनी त्यांच्यावर दावा केला होता. तो आम्ही हरलो. घरात कॉलेजात गेलेली मी पहिलीच, म्हणून निकाल मीच वाचला. दावा खर्चासह फेटाळला होता, म्हणजे काकांना आलेला कोर्टाचा खर्चही आम्ही द्यायचा.

"खर्चाचं डोक्यातून काढा," काका म्हणायचे. "आमी काय परके? फक्त आता अपील नि बिपील नको."

बाबांना हा मोठेपणा वाटला. कदाचित असेलही. पण आमच्या वकीलबाईंनी मला सांगितलं, "खर्च ते पुढे कित्येक वर्षं वसूल करू शकतात. अपिलाची मुदत मात्र या महिन्यात संपते."

त्या संध्याकाळी मी चाचरत म्हटलं, "काका, खर्च सोडला एवढं लिहून द्याल?"

काकांनी माझ्याकडे पाहिलंच नाही. बाबांना म्हणाले, "लय शिकवलात हो पोरीला."

ते गेल्यावर बाबा म्हणाले, "वकीलबाईंना फोन लाव."