मायची सावड

माझ्या भावाच्या खोलीत भिंतीवर एका परदेशी बाईचा फोटो लावलेला आहे. देवाचा नाही, पुढाऱ्याचा नाही, आमच्या वडलांचाही नाही. पुण्याला इंजिनिअरिंगला होता तेव्हा त्याने तो कुठून तरी छापून आणला, आणि शिक्षण संपवून गावी परतला तेव्हा कपड्यांच्या आधी तो भिंतीवर चिकटवला. मायने कंबरेवर हात ठेवून फोटोकडे बराच वेळ पाहिलं.

"ही कोण म्हणायची?"

"माय, ही लई मोठी विचारवंत हाय."

"आसंल बाबा. पण उपाशी दिसती. जेवल्याबिगर कुणी असं बघतं का?"

मी पोट धरून हसले. भाऊ नाही हसला. त्या बाईवर केलेला विनोद त्याला चालत नाही, आजही नाही.

त्या बाईने जाडजूड पुस्तकं लिहिली. निम्मं जग तिला डोक्यावर घेतं आणि निम्मं तिच्या नावाने बोटं मोडतं. माझ्या भावाने मला ती बाई इतक्या वेळा समजावून सांगितली आहे, की मला ती आमच्या भावकीतलीच वाटते. तिचं म्हणणं थोडक्यात असं, की माणसाने स्वतःसाठी जगावं आणि त्याची लाज बाळगू नये. कुणी कुणासाठी स्वतःला झिजवू नये, कुणाकडून तशी अपेक्षाही करू नये. जे घ्यायचं ते मोल देऊन, जे द्यायचं ते मोल घेऊन. आणि सरकारने बाजारातून आपले हात काढून घ्यावेत. हे शेवटचं तर आमच्याकडे पटायला अवघड नाही. कांद्याला जरा बरे दिवस आले की निर्यात बंद होते, तेव्हा आमच्या पारावरची प्रत्येक शिवी त्या बाईच्या बाजूनेच असते.

आमचं गाव तलवाड्याच्या बाजूला. वस्ती शेतात, काळ्या रानात. वडील गेल्यावर भावाने नोकरी नाकारली आणि रेशीम सुरू केलं. तुती लावली, शेड मारलं, अळ्या आणल्या. बीडला मी मेडिकलच्या दुकानात बसते, म्हणून तो मला औषधांचं विचारायचा आणि मी त्याला शिव्या द्यायचे, की अरे, माणसांची औषधं विकते मी, किड्यांची नाही. पण कष्टाळू पोरगा. चोख. कुणाचं काडीचं फुकट घेणार नाही, हा त्याचा स्वभाव. ती बाई भेटायच्या आधीपासूनचा.

आता सावडीचं सांगते, त्याशिवाय पुढचं कळायचं नाही. रेशमाच्या अळ्या पिकल्या की त्यांना चंद्रिकेवर सोडतात. चंद्रिका म्हणजे प्लास्टिकची वेटोळी जाळी. त्यात अळी स्वतःभोवती कोष विणते. कोष तयार झाले की सगळे लगोलग काढावे लागतात, उशीर केला की माल बिघडतो. एका घराच्या बायकांचं हे काम नाही. म्हणून आमच्या वस्तीवरची घरं पुढेमागे अळ्यांची बॅच धरतात. आज काकूकडे सगळ्याजणी, चार दिवसांनी आमच्याकडे, मग शेजारच्या मेंढ्यावाल्या घरी. पैशाचं नाव नाही. आज तू माझ्याकडे, उद्या मी तुझ्याकडे. ही सावड. चंद्रिका मांडीवर घ्यायची, बोटं चालू आणि तोंड त्याहून चालू. सुना सासवांच्या नकला करतात, सासवा ऐकून न ऐकल्यासारखं करतात, आणि दुपारी पिठल्यावर सगळ्या एकाच परातीत तुटून पडतात.

भावाला ही सावड खुपायची. आणि खरं सांगू, त्याचं कारण खोटं नव्हतं. गावातल्या पुढाऱ्याच्या घरीही रेशीम होतं. त्यांच्याकडे सगळ्या वस्तीच्या बायका सावडीला जात, पण त्यांच्या घरची एक बाई कधी कुणाच्या शेडची पायरी चढली नाही. मेंढ्यावाल्या घरची सून तर बाळंतपण झाल्या-झाल्या तिकडे जाऊन बसली होती, कारण नाही म्हणायची सोय नव्हती. भाऊ पारावर उभा राहून बोलला, "ही सावड न्हाई, ही बेगार हाय. गोड नाव दिलंय फक्त." मला तेव्हा त्याचा अभिमान वाटला. आजही त्या वाक्यापुरता वाटतो.

मग त्याने आमच्या शेडचा नियम केला. ज्या बाईने काम केलं, तिच्या हातात तिची मजुरी, त्याच संध्याकाळी. नवऱ्याच्या हातात नाही, सासूच्या नाही. आणि आमच्या घरातून कुणी कुणाकडे फुकट जायचं नाही, कुणी आमच्याकडे फुकट यायचं नाही. मेंढ्यावाल्यांची सून मला म्हणाली, "अक्का, माझ्या हातात पैलीबार माझा पैसा आला." तिचा चेहरा बघून मी काय बोलणार?

पण काकूने मजुरी घेतली नाही. माझी सख्खी चुलती, मायची धाकटी जाऊ. त्यांनी पैसे खाली चंद्रिकेवर ठेवले, पदर झटकला आणि घरी निघून गेल्या. काका संध्याकाळी आले. काका म्हणजे अबोल माणूस, वडील गेल्यावर आमची पहिली पेरणी त्यांनीच केली होती, तेव्हाही चार शब्द बोलले नव्हते. ते भावाला एवढंच म्हणाले, "तुझ्या बापाची आन् माझी चूल येगळी झाली, तवा बी सावड मोडली न्हवती." भाऊ म्हणाला, "काका, मी नातं कुठं मोडतोय? तुमच्या मेहनतीची किंमत करतोय." काका तसेच उठून गेले. त्यानंतर काकू आमच्या शेडला आल्या नाहीत.

आणि माय? माय चोरून जायला लागली.

भाऊ बाजाराला गेला की ही बया काठी घेऊन काकूच्या शेडात. गुडघे दोन्ही गेलेले, उठताना भिंतीला धरावं लागतं, पण चंद्रिका मांडीवर घेऊन बसायची. कधी मेंढ्यावाल्यांकडे, कधी आणखी कुणाकडे. मी गावी गेले की मला दम भरायची, "त्याला सांगशील तर तोंड बघायची न्हाई तुझं." मी चिडायचे. मला चिडायला निमित्त लागत नाही, पण हे खरंच डोक्यात जायचं. म्हटलं, "माय, कावून जातीस? तुला होतंय का? तुला कुणी बोलावलंय का?"

ती म्हणाली, "आगं, त्याचं त्याला कळत न्हाई. उद्या त्याच्या दारात येळ आली तर कोण यील? पैसं घिऊन येणारं माणूस पैशापुरतं येतं. मी हाय तवर त्याच्या वाट्याचं मीच जाऊन येते. माझ्या मागं लोकं म्हनतील, म्हातारी आली व्हती, जाऊ द्या, तिच्या लेकासाठी जाऊ."

एवढं साधं होतं तिचं. पोराच्या नावावर ती माणसं जमा करून ठेवत होती. मी भावाला सांगितलं नाही. सांगितलं असतं तरी त्याने त्या बाईचं एखादं पान काढून माझ्या तोंडावर मारलं असतं, की बघ अक्का, हीच ती स्वतःला जाळून घ्यायची सवय.

गेल्या वर्षी महालक्ष्म्यांना मी गावी होते. पाऊस धरूनच होता, रानात गुडघाभर चिखल. जेवणं झाल्यावर माय खरकटं टाकायला शेडाच्या मागे गेली आणि घसरली. आवाज ऐकून मी धावले. ती आडवी पडलेली, पाय भलत्याच बाजूला वळलेला. मी दुकानात बसून शिकलेलं सगळं विसरले. "माय गं, माय गं," एवढंच तोंडातून निघत होतं.

फोन करून बोलावलेली ॲम्ब्युलन्सची गाडी आली, पण डांबरी रस्त्यावर थांबली. काळ्या मातीत गाडी घालायला ड्रायव्हर तयार नव्हता, आणि त्याचं बरोबरच होतं. मायला बाजेवर घालून रस्त्यापर्यंत न्यायचं होतं. चार माणसं हवीत. भावाने फोन काढला आणि मजुरांच्या मुकादमाला लावला! मी तिथे मायचं डोकं मांडीवर घेऊन बसलेली, आणि हा मुकादमाला विचारतोय, चार माणसं मिळतील का, दुप्पट देतो. सणाचा दिवस, कोण मिळणार?

मी ओरडले, "अरे, काकाला हाक मार की!"

तो उभा राहिला. काकांच्या घराच्या दिशेने दोन पावलं गेला आणि परत फिरला. आईशप्पथ सांगते, त्याला गर्व नव्हता. मला तो लहानपणापासून माहीत आहे. त्याला मागताच येत नव्हतं.

पण हाक मारायची गरज पडली नाही. आमचं ओरडणं वाऱ्याने नेलं होतं. काका आले, त्यांची दोन्ही पोरं आली, मेंढ्यावाला आला, अंगावरचं घोंगडं तसंच. कुणी काही विचारलं नाही. बाज उचलली. चिखलात पाय रुतत होते, एकमेकांना "हां, संभाळ, डावीकडं" म्हणत ते मायला घेऊन निघाले. मी तिचा पाय दोन्ही हातांनी सरळ धरून बाजेबरोबर चालत होते. एवढ्या दुखण्यातही मायच्या तोंडावर काहीतरी होतं. मी ते ओळखलं. तिची सावड फळाला आली होती.

रस्त्यावर मायला गाडीत घेतलं. मी आत तिचा पाय धरून बसले, डॉक्टरांनी फोनवर सांगितलं होतं की पाय अजिबात हलू द्यायचा नाही. दार उघडंच होतं. आणि मला दिसलं की भावाने खिशात हात घातला.

मी त्याला डोळ्यांनी नको म्हटलं. मानेने नको म्हटलं. तो माझ्याकडे बघतच नव्हता. मला उठता येईना, पाय सोडता येईना. "नको रे," मी म्हणाले, पण गाडीचं इंजिन चालू होतं.

त्याने मेंढ्यावाल्यापुढे पैसे धरले. तो दोन पावलं मागे सरला, हात जोडून, "न्हाई न्हाई, असं नका करू." मग भाऊ काकांकडे वळला. त्याचे डोळे भरलेले होते, हे मी आत बसून पाहिलं. तो रडत रडत पैसे देत होता. त्याला आभार मानायचे होते, आणि आभार मानायची दुसरी रीत त्याच्याकडे उरली नव्हती.

काकांनी चिखलाचे हात धोतराला पुसले. आणि घेतले.

"दे," ते म्हणाले. "चौघांचं दे. मिटला हिसाब."

दार लागलं. गाडी बीडच्या रस्त्याला लागली. मायने डोळे मिटलेले. मला वाटलं, कळ आली असेल. बीड जवळ आल्यावर तिने माझा हात ओढला आणि म्हणाली, "त्यानं घेतले गं." तेवढंच. काकांनी दहा वेळा पैसे नाकारले असते तर तिला बरं वाटलं असतं. नाकारणं म्हणजे नातं. घेतले म्हणजे संपलं, हे तिला आणि काकांना कळत होतं आणि माझ्या शिकलेल्या भावाला कळलं नाही.

दवाखान्यातल्या बाकड्यावर तो मला म्हणाला, "अक्का, मी चूक काय केली? त्यांचे कष्ट फुकट समजलो न्हाई, हीच ना?" मी त्याला फाडून खायच्या तयारीत होते.  पण उठून चहा आणायला गेले.

ऑपरेशन झालं. माय आता माझ्याकडे, बीडला दुसऱ्या मजल्यावर. वॉकर धरून खिडकीपर्यंत जाते आणि गल्लीतल्या बायकांना वरून हाका मारते, त्या बिचाऱ्या घाबरतात. भाऊ दर आठवड्याला येतो, तिचे पाय चेपतो, तुतीची, मालाची माहिती देतो. काकांचं नाव दोघंही काढत नाहीत.

परवा सकाळी मायने कॅलेंडर मागितलं. बोटांवर काहीतरी मोजलं. "काकूच्या अळ्या चढल्या असतील. फोन लाव."

मी लावला आणि आवाज मोठा केला. काकू बोलल्या छान. "बाई, पाय कसा हाय? जेवन जातंय का?" सगळं विचारलं.

माय म्हणाली, "कोष कवा काढताव गं?"

"उंद्या."

"मंग मी येते की. लेक सोडंल मला गाडीनं. मला काय चालायचंय? बसून तर काढायचेत."

 पलीकडे मागे शेडात कुणीतरी हसल्याचा आवाज आला.

"नका तरास घिऊ बाई," काकू म्हणाल्या. अगदी गोड बोलल्या, त्यात कुठेही डंख नव्हता. "आता आमी बी मजूर लावताव. समदी वस्ती लावती. पुढाऱ्याच्या घरी बी आता फुकट कुणी जात न्हाई, द्यावाच लागतो पैसा. तुमच्या लेकानं चांगलं वळन लावलं बगा. कुणाचं मिंधं ऱ्हावं लागत न्हाई."

हे खरं आहे. मेंढ्यावाल्यांच्या सुनेने स्वतःच्या पैशाने पोराला शाळेचा गणवेश घेतला, हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं आहे. भावाच्या भिंतीवरच्या ज्या बाईचं नावसुद्धा काकूला माहीत नाही, तिचं बोलणं काकूच्या तोंडून ऐकत मी फोन धरून बसले होते. आता कुणाला शिव्या द्यायच्या, हेच मला कळेना, आणि मला असं कधी होत नाही.

फोन बंद झाला. मायने वॉकर जवळ ओढला, परत सोडला. दोन्ही हात मांडीवर ठेवले, चंद्रिका धरल्यासारखे.

"परत लाव," ती म्हणाली.

"आता काय सांगायचंय, माय?"

"ईचार तिला," ती म्हणाली, "मी मजुरीनं आले तर कामाला घील का म्हनावं."